दोन बाटल्या आणि एक झाड

आमच्या आत्याचे सासर बडोद्याचे, दांडिया बाजारातले. तिच्या थोरल्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा मुलीकडची मंडळी नाशिकहून आली. सीमांतपूजन आटोपल्यावर त्यांच्यातल्या दोघा-तिघा तरुणांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठले आणि आवाज खाली आणून विचारले, "संध्याकाळची काही सोय?" आत्याच्या यजमानांच्या कानावर ते गेलेच. ते म्हणाले, "आहे ना सोय, चला." आणि त्यांनी सगळ्यांना नाक्यावरच्या सोड्याच्या गाडीवर नेऊन उभे केले.

गाडीवाल्याने बाटलीच्या गळ्यातली गोटी अंगठ्याने आत दाबली. टक् असा आवाज झाला, पेल्यात लिंबू, मीठ, जिऱ्याची पूड पडली आणि वर सोडा फसफसत आला. नाशिककरांपैकी एकाने पेला हातात घेऊन अगदी निरागसपणे विचारले, "सोडा ठीक आहे, पण यात घालायचे काय?" यजमान म्हणाले, "काही नाही. आमच्याकडे सोडाच पितात." गाडीवाला हसून म्हणाला, "सोडा तो पीवी ज पडे!"

या प्रसंगाला आता पुष्कळ वर्षे झाली. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. महाराष्ट्रातल्या माणसाला सोडा म्हणजे दुसऱ्या कशात तरी घालायची वस्तू वाटते; बडोदेकराला ते स्वतंत्र पेय वाटते. एकाच मुंबई राज्यात काही वर्षे एकत्र नांदलेल्या, एकमेकांशी सोयरीक करणाऱ्या दोन समाजांत हा फरक कुठून आला? त्याचा माग काढू लागलो तेव्हा लक्षात आले की ही केवळ दारूबंदीची गोष्ट नाही. बडोद्याच्या मुलखात फुलांपासून दारू गाळण्याची कला घराघरांत होती. त्या कलेचे पुढे काय झाले, तिच्यातले शास्त्र कोणाच्या हाती गेले, तिच्यातली मौज कोणाच्या बाटलीत शिरली आणि गुन्हा तेवढा कोणाच्या पदरात पडला, असा हा इतिहास आहे.

*

आरंभ झाडापासून करावा लागतो. बडोद्याच्या पूर्वेकडचा छोटा उदेपूरचा डोंगराळ भाग, दक्षिणेकडचा सोनगड-व्यारा, त्याला लागून आपले नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा हा सगळा मोहाचा मुलूख. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले झाडाखाली टपटप पडतात. बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन जातात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. अडीअडचणीला ती फुले शिजवून खातात, गुरांना घालतात, बाजारात विकतात; आणि त्यांची दारूही गाळतात.

कृती साधी, पण कसबाची. फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवायची. आंबोण मडक्यात घालून चुलीवर चढवायचे, मडक्याचे तोंड लिंपून घ्यायचे, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे थंड पाण्यात ठेवायचे. पाणी शंभर अंशांवर उकळते, मद्यार्क त्याच्या बराच आधी, अठ्ठ्याहत्तर अंशांच्या सुमारास. म्हणून जाळ मंद हवा. घाई केली की पाणीच जास्त उतरते. हे तापमान कोणी मोजत नव्हते, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चुलीकडे पाहूनच ते कळत असे. जन्म, लग्न, मृत्यू, देवाचा सण, यांतले काहीही या दारूवाचून पार पडत नसे. आजकाल शहरांतून घरगुती पद्धतीने, थोड्या प्रमाणात, चवीकडे लक्ष देऊन मद्य बनवणाऱ्यांचे मोठे कौतुक होते. त्या अर्थाने या मुलखातले पहिले कौटुंबिक मद्यकारखाने म्हणजे ही मडकी होती.

त्यांच्यावर पहिला घाला दारूबंदीने घातला नाही, महसुलाने घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरी दारू गाळणे बंद करून ती मोठ्या भट्ट्यांत गाळावी आणि मक्तेदारांनी विकावी अशी व्यवस्था आणली. मक्तेदार बहुतेक पारशी. 'दारूवाला' हे आडनाव आपल्याला तेव्हाचा धंदा सांगते. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा करून ठाणे-कुलाब्याकडे लागू केला. बडोदे संस्थानानेही पुढे अबकारीची तीच वाट धरली. अंगणातल्या झाडाची फुले वेचणारा आदिवासी आता तीच दारू दुकानातून विकत, बहुतेकदा उधारीवर, पिऊ लागला. उधारी वाढली की जमीन सावकाराकडे जाई.

याला उत्तर मिळाले ते एका देवीकडून. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत एक देवी अंगात येऊ लागली. डोंगर चढून, नाशिक, खानदेश, डांग ओलांडून ती सोनगड-व्याऱ्यात आणि तेथून सुरत जिल्ह्यात पोचली. तिला सलाबाई म्हणत. गावोगाव मांडव पडले, हजारो माणसे जमू लागली आणि ज्यांच्या अंगात देवी येई ते आज्ञा सांगू लागले: दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, रोज अंघोळ करा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. या चळवळीचा सविस्तर इतिहास डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने लिहिला आहे. त्याचे म्हणणे असे की यात बाहेरच्या सुधारकांनी शिकवलेले फार थोडे होते. आपल्याला नाडणाऱ्या व्यवस्थेवर टाकलेला तो आदिवासींचा स्वतःचा बहिष्कार होता. काही महिन्यांनी बऱ्याच गावांतून देवी ओसरली आणि मडकी पुन्हा चुलीवर चढली, हेही खरे. परंतु दारू सोडायची की नाही हे एकदा तरी त्या माणसांनी स्वतः ठरवले होते. पुढे ते त्यांच्यासाठी इतरांनीच ठरवले.

*

आता बडोदे शहरात येऊ. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन काढले. दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी. कलाभवनाची धुरा ज्यांनी वाहिली ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर सुरतेचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मराठी वाचकाला त्यांची एक आठवण सांगितली पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत दामोदर चाफेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. ते डाग भल्याभल्यांना निघेनात, ते गज्जरांनी रसायने वापरून काढून दाखवले. डाग पाडणारा मराठी आणि काढणारा गुजराती, असा हा योग!

गज्जरांनी पुढे मुंबईत गिरगावात रसायनांची प्रयोगशाळा काढली. तिथे त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली त्यांत भाईलालभाई दाजीभाई अमीन आणि कोटीभास्कर हे दोघे होते. परदेशातून येणारी टिंक्चरे आणि मद्यार्क इथेच का बनू नयेत, ही त्यांची धडपड. आधी मुंबईत परळला लहान प्रमाणावर खटपट झाली आणि १९०७ च्या जुलैत बडोद्यात अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी स्थापन झाली. संस्थापक म्हणून गज्जर, अमीन आणि कोटीभास्कर अशी तीन नावे सांगतात. पुढे कंपनी अमीन घराण्याची म्हणूनच ओळखली गेली. भाईलालभाईंना 'राजमित्र' हा किताब मिळाला, आणि आजही ती त्याच घराण्याच्या हाती आहे. कोटीभास्करांचे नाव मात्र आपल्या मराठी घरांतूनही क्वचितच ऐकू येते.

कंपनीचे नाव नीट पाहण्यासारखे आहे. अलेंबिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे पात्र, मूळ अरबी शब्द 'अल्-अंबीक'. सरळ मराठीत सांगायचे तर दारू गाळायचे भांडे. मडक्याच्या तोंडी बांबूची नळी लावणाऱ्या आदिवासीच्या हातात तेच होते आणि बडोद्याच्या कारखान्यात तांब्याच्या रूपात उभे राहिले तेही तेच. तत्त्व एक, फरक परवान्याचा. मद्यार्क टिंक्चरात गेला की त्याचे औषध होई. लहानपणी गुडघा फुटल्यावर आपण ज्या टिंक्चर आयोडीनने किंचाळलो, त्यात आयोडीन विरघळून ठेवणारा मद्यार्कच असतो.

तरी या धंद्याची वाट सोपी नव्हती. तेव्हा हिंदुस्थानात प्रत्येक प्रांताची अबकारी वेगळी. मद्यार्क असलेले औषध एका प्रांतातून दुसऱ्यात न्यायचे तर कराचे आणि परवान्याचे नवे लचांड. विलायती टिंक्चरे बंदरावर एकदा जकात भरून देशभर फिरत आणि देशी कारखानदार सीमेसीमेवर अडत. हा गोंधळ १९५५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंत चालू होता. सीमेवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको!

अलेंबिकने पुढे खोकल्याची औषधे, टॉनिके, जीवनसत्त्वे बनवली. १९६१ मध्ये पेनिसिलिन आले, १९७१ मध्ये एरिथ्रोमायसिन. ही प्रतिजैविके म्हणजे पुन्हा आंबवण्याचेच शास्त्र. मोठ्या टाक्यांत सूक्ष्म जीवांना खाऊपिऊ घालून त्यांच्याकडून औषध बनवून घ्यायचे. याच उद्योगसमूहाच्या काचकारखान्यातून 'येरा' छापाचे पेले निघाले आणि मराठी-गुजराती लग्नांत आहेर म्हणून घरोघर पोचले. दारूबंदीच्या शहरात देशभरच्या पिणाऱ्यांसाठी पेले बनावेत, याची बडोदेकरांना कधी गंमत वाटली की नाही, कोण जाणे.

*

मद्यार्काला औषधाच्या बाटलीत जागा मिळाली. मौजेला जागा मिळाली ती दुसऱ्या बाटलीत, आणि त्यासाठी बडोद्याहून दीडशे किलोमीटरच्या आत सुरतेला जावे लागते.

देवी सुरत जिल्ह्यात पोचली त्यानंतर काही महिन्यांतच, १९२३ मध्ये, सुरतेच्या अब्बास अब्दुलरहीम हजूरी यांनी एक पेय बाजारात आणले. त्याचे पहिले नाव मोठे बोलके होते: 'व्हिस्की नो'. रंग तसा, फेस तसा, चव सफरचंद-द्राक्षांची, नशा मात्र नाही. स्वदेशीचे आणि दारूच्या दुकानांवरील निरोधनाचे ते दिवस. पुढे त्याला एका लॅटिन शब्दावरून 'सोशियो' हे भारदस्त नाव दिले. सुरतेच्या जिभेला ते पेलेना. लोक 'सोस्यो' म्हणू लागले, तेव्हा मालकांनीच हार मानून बाटलीवर 'सोस्यो' छापले. गिऱ्हाइकाच्या उच्चाराला शरण जाणारे असे मालक घरगुती धंद्यातच सापडतात.

तो काळच अशा घराण्यांचा होता. गळ्यात गोटी असलेली बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये काढली. भरताना बाटली उलटी धरायची, वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर जाऊन बसते आणि बूच लागतच नाही. बूच महाग आणि वायू गळणारे, म्हणून गरीब गावांत ही बाटली टिकली. लहान यंत्र, एक खोली, चार-दोन माणसे एवढ्यावर धंदा उभा राही. पुण्यात अर्देशीर यांची पेढी १८८४ पासून, मुंबईत दिनशाजी पांडोळे यांची 'ड्यूक्स' १८८९ पासून. पारश्यांत 'दारूवाला' तसे 'सोडावॉटरवाला'ही आडनाव झाले.

अमेरिकेतही १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. पेनसिल्व्हेनियातल्या युएंगलिंग या १८२९ पासूनच्या घरगुती बिअर कारखान्याने त्या तेरा वर्षांत जवळजवळ मद्यार्क नसलेली बिअर आणि आइस्क्रीम विकून तग धरला आणि बंदी उठताच तो पुन्हा बिअरकडे वळला. तिथे बिनदारूचे पेय हा तात्पुरता आसरा होता. आपल्याकडे 'व्हिस्की नो' निघाले ते कायद्याच्या पंचवीसएक वर्षे आधी. आणि नंतर आलेली बंदी गुजरातेत उठलीच नाही. त्यामुळे गुजरातचा सोडा कोणाची जागा राखून बसला नाही, तो कायमचा धनी झाला. नाक्यावर रात्री मित्रांचे टोळके जमायचे, हिशेब-राजकारण-क्रिकेट बोलायचे, तर हातात काही तरी हवे. इतर शहरांत ते काम बारने केले, बडोद्यात सोड्याच्या गाडीने केले.

*

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० मध्ये राज्यभर पूर्ण बंदी आली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. १९५१ मध्ये बालसारा नावाच्या नागरिकाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरचे निर्बंध रद्द केले. म्हणजे बडोद्याच्या पहिल्या बाटलीला राज्यघटनेचे अभय मिळाले. दुसऱ्या बाटलीला अभयाची गरजच नव्हती. मोहाच्या झाडाखालच्या मडक्याची बाजू मांडायला न्यायालयात कोणी नव्हते.

१९६० मध्ये राज्ये वेगळी झाली आणि एकच कायदा दोघांच्या वाट्याला आला. पुष्कळांना हे ठाऊक नसते की महाराष्ट्रातही आजवर १९४९ चाच दारूबंदी कायदा आहे. फक्त आपण परवाने सैल केले. 'परमिट रूम' ही पाटी आपण रोज वाचतो, तिच्यातले परमिट ते हेच. नवापूरच्या स्टेशनवर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्या बाकाच्या दोन्ही टोकांना मूळ कायदा एक आणि वागणूक दोन. एका टोकाकडच्या राज्यात, पुण्याला, २००९ मध्ये 'डूलली' ही लहान, नव्या पद्धतीची बिअरभट्टी निघाली. तिच्या दोघा संस्थापकांत सुकेतू तळेकर हे मराठी तरुण. इंग्रजीत वेडाला लावला जाणारा हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून पडलेला. दुसऱ्या टोकाकडच्या राज्यात त्याच २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली.

बडोदेही यातून सुटले नाही. १९८९ मध्ये खुद्द या शहरात विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. २०२२ मध्ये बोटादकडे पुन्हा तेच झाले. अशा प्रसंगांत मारक ठरते ते बहुधा रासायनिक उद्योगांत लागणारे मिथाइल अल्कोहोल, कोणी तरी चोरून पेयात मिसळलेले. मेलेले लोक हातावर पोट असलेले. ज्याला परवाना मिळतो किंवा दमणला जाण्याइतके पैसे असतात, तो यात मरत नाही. एवढ्यावरून बंदी वाईटच, असे मी म्हणणार नाही. माझ्या आत्यासारख्या कित्येक बायका सांगतील की रात्री एकटीने गरबा पाहून घरी येता येते ते या बंदीमुळे, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण किंमत कोणी मोजली याचा हिशेब मांडताना मडके विसरून चालत नाही.

*

सोड्याच्या घराण्यांचे दिवसही पालटले. १९९३ मध्ये पार्लेच्या चौहानांनी थम्स अप कोका-कोलाला विकले, पुढच्याच वर्षी ड्यूक्स पेप्सीकडे गेले. हजूरी टिकले ते जानेवारी २०२३ पर्यंत. शंभरी भरता भरता रिलायन्सने सोस्योच्या कंपनीत निम्मा हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. उरलेला निम्मा घराण्याकडेच राहणार होता. लोकांच्या उच्चाराप्रमाणे नाव बदलणारी ती मालकी निम्म्याने उरली, एवढे खरे.

आणि झाड? २०१३ मध्ये बडोदे जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा जिल्हा झाला. त्याला लागून मध्य प्रदेशचा अलिराजपूर. त्या सरकारने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' मानणारे धोरण आणले आणि अलिराजपुरात आदिवासींच्या बचतगटाला परवाना देऊन भट्टी उभी केली. छान बाटली, वर लेबल. तेथून थोडे पश्चिमेला आले की तेच फूल, तेच आंबोण, तीच वाफ. पण पोलीस मडकी फोडतात. डोंगर दोन्हीकडे एकच आहे. सोयरीकही एकच आहे.

गेल्या वर्षी चैत्रात त्या भागातून एसटीने येत होतो. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर वाळल्या फुलांचे गाठोडे. गाडीभर तो गोडसर, जड वास. मी विचारले, "कुठे निघालात?" म्हणाली, लेकीकडे, पलीकडे. फुलांचे काय करणार, हे मी विचारले नाही. सीमेवरच्या माणसाला काही प्रश्न न विचारण्याची सवय असते. पुढच्या नाक्यावर गाडी थांबली, कंडक्टरने सर्वांसाठी सोडा मागवला. म्हातारीनेही घेतला. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडे केले आणि पेला माझ्याकडे सरकवला.